दुरुस्तीपलीकडचा कॉम्प्युटर

पाटोद्याच्या तोडकरींच्या घराचं दार दिवस उगवल्यापासून दिवेलागणीपर्यंत सताड उघडं असतं. येणारा माणूस चपला काढता काढताच "हायेत का घरात?" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता आत येतो. त्यामुळे त्या दिवशी सकाळी चौकटीवर टकटक झाली तेव्हा घरातली तिन्ही माणसं जागच्या जागी थबकली. कावेरीची भाकरी परातीत अर्धी थापून झाली होती. नवरा बसवेश्वर दुकानाच्या किल्ल्या शोधत खुंटीपाशी उभा होता. सासू मल्लम्मा कपाळाला विभूती लावून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसल्या होत्या. पूजेत बोलायचं नसतं, म्हणून त्यांनी नुसत्या भुवया उंचावल्या. उघड्या दारावर टकटक करणारा हा कोण शहाणा?

दारात बद्रीनाथ सर उभे होते. गावातल्या एका शाळेत त्यांनी अख्खी हयात विज्ञान शिकवलं होतं आणि गेल्या दिवाळीच्या आसपास ते रिटायर झाले होते. निम्मं पाटोदा त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं. पण आज तेच मार खायला आल्यासारखे दिसत होते.

"या की सर, आत या. दार वळखीचंच हाय तुमच्या," बसवेश्वर म्हणाला.

सर आत आले खरे, पण बसले नाहीत. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि टीव्हीशेजारच्या लोखंडी ट्रंकेवर जाऊन थांबली. ट्रंकेवर क्रोशाच्या रुमालाखाली काहीतरी चपटं झाकून ठेवलेलं होतं.

"कावेरीताई, एक विचारू का? तो कॉम्प्युटर... तो बंद पडलाय ना आता?"

"छे हो सर! मस्त चालू आहे." कावेरीने पिठाचे हात परातीच्या काठावर झटकले. तिचा चेहरा कसा खुलला होता! "दाखवू का? टीव्ही गरम व्हायला मिनिटभर लागेल तेवढंच."

"नको नको!" सर असे दचकले, जणू रुमालाखाली साप होता. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्यावर हळूच बसले. "चालू आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "बंद असता तर फार बरं झालं असतं."

कावेरीला काही कळेना. घरात आलेल्या माणसाने वस्तू चालू आहे म्हणून तोंड पाडावं, हे तिने आजवर पाहिलं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा ती भानावर आली.

हा कॉम्प्युटर तोडकरींच्या घरी आला तो कपाटाबरोबर, भांड्यांच्या सेटबरोबर फुकटचा चमचा यावा तसा. बसवेश्वरचं हार्डवेअरचं दुकान. पत्रे, तारा, खिळे, दोरखंड. सरांच्या शाळेने जुनं सामान लिलावात काढलं तेव्हा त्याने मोडक्या बाकांचं लोखंड आणि दोन कपाटं उचलली. त्यातल्या एका कपाटाच्या खालच्या कप्प्यात, थर्माकोलच्या खोक्यात, हे यंत्र निघालं. काळं, शाळेच्या पाटीपेक्षाही लहान, वर खोडरबरासारख्या मऊ कळा. त्याला स्वतःचा पडदा नाही. टीव्हीला जोडायचं आणि टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचं. बसवेश्वर ते भंगाराच्या ढिगात टाकणार होता, तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन कावेरी दुकानात आली.

कावेरी अंबाजोगाईची. तिथल्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि निकाल लागायच्या आतच लग्न होऊन पाटोद्याला आली. प्रयोगशाळेतलं गॅल्व्हानोमीटर तिने शेवटचं पाहिलं त्याला कैक वर्षं झाली होती. तिने ते काळं यंत्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "अहो, हे घरी नेऊ का?"

"ने की. पोळ्या लाटाया येतंय का बग," बसवेश्वर म्हणाला.

शाळेत ते कसं आलं हेही गावाला माहीत होतं. विलायतेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थ्याने दहाएक वर्षांपूर्वी ते भेट दिलं होतं. त्याचा सत्कार झाला, फोटो निघाला, आणि कॉम्प्युटर कपाटात गेला तो गेलाच. पोरांनी हात लावला तर बिघडेल, म्हणून पोरांना बंदी. मास्तरांनी लावला तर आपल्यावर येईल, म्हणून मास्तर लांब. वर्षातून एकदा मात्र तो बाहेर निघायचा, खंडेनवमीला. शाळेतल्या तराजू, पृथ्वीगोल आणि हार्मोनियमच्या ओळीत बसून हळदीकुंकू घ्यायचा, अक्षता घ्यायचा, डोक्यावर झेंडू मिरवायचा, पुढ्यात नारळ फोडून घ्यायचा आणि पुन्हा कपाटात जायचा. पुढे एका नव्या मुख्याध्यापकांना तो चालू करून बघावासा वाटला. तो काही चालू झाला नाही. मग विज्ञानाचे शिक्षक म्हणून बद्रीनाथ सरांना दाखला द्यायला सांगितलं. सरांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि लिहून दिलं: यंत्र दुरुस्तीपलीकडे आहे.

कावेरीने त्याचे स्क्रू काढले तेव्हा आत जे दिसलं, ते बघून तिला आधी हसू आलं आणि मग हात जोडावेसे वाटले. कळांच्या खाली तांदूळ! दहा वर्षांच्या अक्षता, कुंकवाची लाल धूळ, हळद, आणि झेंडूची एक वाळकी पाकळी. पूजा करकरूनच त्याला मारला होता म्हणायचा. तिने जुन्या ब्रशने ते सगळं कागदावर झाडून घेतलं. मल्लम्मा शेजारी बसून बघत होत्या. "सूनबाई, पुजलेलं हाय. केरात टाकू नगंस," म्हणाल्या, आणि ती पुडी त्यांनी स्वतः नेऊन बेलाच्या बुंध्याशी पुरली.

कळांपासून निघालेली कागदासारखी पातळ पट्टी टोकाशी तडकली होती. कावेरीने ती नखभर कापून पुन्हा खोबणीत बसवली. अडाप्टर जळालेला होता, म्हणून बीडच्या एका स्टॅबिलायझरवाल्याकडून नवा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला. खोक्यातलं माहितीचं पुस्तक इंग्रजीत, तेही अर्धं वाळवीने खाल्लेलं. एका रविवारी दुपारी टीव्हीच्या रिकाम्या चॅनेलवर पडदा पांढरा झाला आणि खालच्या कोपऱ्यात एक अक्षर लुकलुकायला लागलं. ती तिथेच जमिनीवर बसून राहिली. अक्षर लुकलुकत होतं. ते तिच्याकडून काहीतरी ऐकायची वाट बघत होतं. काय सांगायचं, हे तिला सुचेना.

मग तिने त्याची मेमरी वाढवली. आत चिप बसवायच्या जागा मूळच्याच रिकाम्या होत्या. बसवेश्वर तारेचा माल आणायला औरंगाबादला गेला की तिथल्या एका दुकानातून गोमेसारखे काळे, दोन्ही बाजूंना पायांची रांग असलेले चिप घेऊन यायचा. "इतके जुने चिप आता कोण वापरतं?" असं दुकानदाराने विचारलं, तर ह्याने सांगितलं, "आमच्या मालकीनबाई."

"मेमरी तिप्पट झाली आत्याबाई," कावेरीने त्या दिवशी सासूला आनंदाने सांगितलं.

"म्हंजी काय झालं?"

"म्हणजे आता जास्त लक्षात राहतं."

"कुनाच्या?"

"त्याच्या."

मल्लम्मांनी थोडा विचार केला. "त्यातले दोन मला दे," त्या म्हणाल्या. "सकाळपून चष्मा सापडंना."

गंमत अशी की हे सगळं कशासाठी, ते कावेरीला सांगता यायचं नाही. लोक विचारायचे. बसवेश्वरने दुकानाचा हिशोब त्यावर करायला सांगितला. तिने तसा प्रोग्राम लिहिलाही, पण कॅसेटवरून तो चढेपर्यंत बसवेश्वरने तोंडी हिशोब करून गिऱ्हाईक वाटेलाही लावलेलं असायचं. मग तिने कॉम्प्युटरकडून ठिपक्यांची रांगोळी काढून घेतली, तर शेजारच्या छबुबाई म्हणाल्या, "आगं, हिला शेणसडा लागत न्हाई, पर लाईट गेली की पुसतीया, मग कशाला काडायची?" तेही खरंच होतं. दुपारची भांडी झाली की ती ट्रंकेपाशी बसायची. एखादी ओळ चुकली की कॉम्प्युटर तिला चूक कुठे आहे ते सांगायचा. रागावायचा नाही, टोमणा मारायचा नाही, नुसता सांगायचा. ती दुरुस्त करायची. पुन्हा चुकायची. संध्याकाळी पाणी भरताना तिच्या डोक्यात त्याच ओळी चालू असायच्या, आणि कळशी भरून वाहायची.

अखेर संक्रांतीला तिने त्याला उखाणे शिकवले. तेवढ्यासाठी दोन आठवडे खपली. वाण लुटायला आलेल्या बायकांपुढे तिने टीव्ही लावला. कॉम्प्युटर नवऱ्याचं नाव विचारणार आणि त्या नावाचा उखाणा करून पडद्यावर टाकणार. अक्षरं इंग्रजीच, म्हणून कावेरी वाचून दाखवणार. सगळं नीट बेतलेलं. फक्त एक गोष्ट बी.एस्सी. झालेल्या कावेरीच्या ध्यानात आली नव्हती.

पहिला मान विजयमाला घोळवेंचा. शिक्षण खात्यातल्या साहेबांची ही बायको गावात नवीनच आलेली. पडद्यावर प्रश्न आला. कावेरी म्हणाली, "सांगा वहिनी, नाव काय?"

विजयमालाबाई लाजून लाल. "अहो, असं कसं सांगू?"

"का बरं?"

"नाव घ्यायचं तर उखाणा पाहिजे. आणि ह्याला उखाणा करायचा तर आधी नाव पाहिजे!"

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. कावेरी कळांवर बोटं ठेवून बसली होती आणि तिला कळेना, ही गाठ सोडवायची कशी. प्रोग्रामात तर चूक कुठेच नव्हती! शेवटी छबुबाईंनी मागून मोठ्यांदा सांगितलं, "रविराज हाय त्यांचं नाव, टाक तू. माजा कुटं नवरा हाय त्यो, मला कसली लाज?"

कॉम्प्युटरने क्षणभर विचार केला आणि कावेरीने वाचलं:

"मोंढ्यात आली ज्वारी, पोत्यावर पोतं,
रविराजरावांचं नाव घेते, ऐका थोरं-पोरं!"

"जुळंना की गं," छबुबाई म्हणाल्या. "पोतं आन् पोरं? कुन्या शाळंत गेलतं हे?"

कावेरीने जीभ चावली. त्याने एका उखाण्याचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवलं होतं. तिने तिथल्या तिथे ओळ शोधली, बदलली, प्रोग्राम पुन्हा चालवला. आता आलं:

"मोंढ्यात आली ज्वारी, पोत्यावर पोतं,
रविराजरावांचं नाव घेतलं की घर भरून जातं."

टाळ्या पडल्या. मग काय, प्रत्येकीला हवा. ज्या बाईचा उखाणा, तिच्या नवऱ्याचं नाव शेजारणीने सांगायचं. तिळगूळ संपला तरी बायका उठेनात. त्या एका संध्याकाळी कावेरीला कुणीही उपयोग विचारला नाही.

आणि तिथूनच हे पसरलं.

तर त्या सकाळी बद्रीनाथ सरांनी चहाचा कप हातात धरला होता, पण पीत नव्हते. मल्लम्मांची पूजा उरकली होती. बसवेश्वरने किल्ल्या सापडूनही दुकान उघडायला जायचं नाव काढलं नव्हतं.

"घोळवे बाईंनी कौतुकाने साहेबांना सांगितलं," सर म्हणाले. "त्यांच्या मनात काही नाही हो. पण गावभर झालं. आणि माझ्या वाईटावर असलेल्या कुणीतरी अर्ज टाकला. चांगला चालता कॉम्प्युटर बद्रीनाथ मास्तराने बिघडलेला दाखवला आणि ओळखीच्या दुकानदाराला भंगारात दिला, असा. तेव्हापासून माझी पेन्शनची फाईल अडकली आहे."

"पण सर, तो बिघडलेलाच होता!" कावेरी म्हणाली. "मी सांगते ना साहेबांना. मी दुरुस्त केला म्हणून."

"मी सांगितलं तेच. कोणी दुरुस्त केला म्हणून विचारलं. मी म्हटलं, तोडकरींच्या घरच्या बाईंनी." सरांनी कप खाली ठेवला. "तर तिथला क्लार्क हसला, ताई. म्हणाला, सर, बाईमाणसाने घरात बसून दुरुस्त केला म्हणजे तो बिघडलेलाच नसणार."

कावेरीने पिठाचे हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

"आणि दाखल्यात माझा शब्द आहे, दुरुस्तीपलीकडे. तो दुरुस्त झाला, म्हणजे पलीकडे नव्हता. उद्या पंचनामा आहे. बीडच्या कॉम्प्युटर क्लासमधला मेकॅनिक येणार. चालला तर माझा दाखला खोटा. नाही चालला तर खरा."

"म्हंजी मेलेलं मानूस उटून बसलं, तर डागदरला फाशी द्यायची का?" मल्लम्मांनी विचारलं.

"तसंच काहीसं, काकू."

"ही कुटली रीत?"

"आवं त्यात काय एवडं," बसवेश्वर म्हणाला. त्याला कुठलीही अडचण पान्याने ढिली होते असं वाटतं. "ती पट्टी का काय हाय, ती काडून ठिवू. पंचनामा झाला की लावू पुन्यांदा."

"मेकॅनिक उघडून बघेल," कावेरी सावकाश म्हणाली. "पट्टी निघालेली कुणालाही दिसेल. मलासुद्धा पहिल्यांदा तीच दिसली होती."

"मग आडाप्टर लपवू."

"तो स्वतःचा आणेल."

"मग?"

उत्तर सगळ्यांनाच कळलं होतं. तो खरोखर बंद पडायला हवा होता.

सर घाईने उठले. "हे बघा ताई, मी तसं सांगायला आलो नव्हतो. खरंच नव्हतो. मी नुसतं विचारायला आलो होतो. म्हटलं, जुनी वस्तू आहे, कदाचित आपोआपच बंद पडली असेल." त्यांनी चपला घातल्या त्याही उलट्या, आणि दोन पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. त्या सरळ करून घालताना त्यांनी उंबऱ्याचा आधार घेतला. ह्याच माणसाने एका हातात खडू आणि एका हातात छडी घेऊन वर्गाला न्यूटन समजावला असेल, हे कावेरीला त्या क्षणी पटेना.

सर गेल्यावर घर आपापल्या कामाला लागलं, म्हणजे लागल्यासारखं केलं. बसवेश्वर जाताना दारात घुटमळला. "मी तुला नवीन घीन," तो म्हणाला. "औरंगाबादला रंगीत आलेत. चित्रं दिसत्यात, खिडक्या उगडत्यात म्हनं."

"बघू," ती म्हणाली.

तिला नवीन नको होता, पण का नको तेही सांगता येत नव्हतं. दुपारी ती ट्रंकेपाशी बसली. रुमाल काढला. यंत्र मारायचं कसं, हे तिला नीट माहीत होतं. ह्याची वीज जगाच्या उलटी. अडाप्टरच्या पिनेत आतलं टोक ऋण आणि बाहेरचं कडं धन. तारा अदलाबदल करून पिन खुपसली की पुरे, आतलं सगळं जळून जाईल आणि वरून ओरखडासुद्धा दिसणार नाही. कुठलाही मेकॅनिक उघडून बघेल आणि मान हलवेल. सरांचा दाखला खरा ठरेल. त्यांच्या घरी पेन्शन सुरू होईल. ह्यात वाईट काय होतं? एका बाजूला एक म्हातारा माणूस, आणि दुसऱ्या बाजूला उखाणे करणारा डबा. हा काय तोलायचा विषय होता?

तरी तिचा हात पुढे होईना.

ती स्वतःवरच चिडली. आपलं नक्की जाणार काय, हे तिने मनाशी मांडून बघितलं. प्रोग्राम तर कॅसेटवर राहतीलच, पण त्या कॅसेटा दुसऱ्या कुठल्याच यंत्राला कळणार नाहीत. चिप गेले तर गेले. रांगोळी काय, सारवलेल्या अंगणातही काढता येते. मग काय जाणार होतं? तो दुरुस्तीपलीकडे होता आणि आपण त्याला अलीकडे आणलं, हेच मुळी झालं नव्हतं असं ठरणार होतं. उद्या कागदावर तसंच लिहिलं जाणार, आणि ते खरं करायला आपल्याच हाताने पिन लावायची. खरं करण्यासाठी खोटं, की खोटं लपवण्यासाठी खरं? मल्लम्मा पलीकडे ज्वारी निवडत होत्या. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मास्तर लई चांगला मानूस हाय गं. पर तू बी काय वाईट न्हाईस."

ह्यातून काय घ्यायचं, तेही कावेरीला कळलं नाही.

ऊन उतरल्यावर घोळवे साहेब स्वतः आले, बरोबर विजयमालाबाई. मल्लम्मांनी सतरंजी झटकली. बसवेश्वर दुकानातून धावत आला. साहेब माणूस सभ्य होता. चहा घेतला, उन्हाळा यंदा लवकर लागला म्हणाले, केबलवर आता किती चॅनेल दिसतात ते विचारलं. मग नाकावरचा चष्मा सारखा करत मुद्द्यावर आले.

"वहिनी, मी मुद्दाम आधी आलो. मला सरांना त्रास द्यायचा नाही. अर्ज आला, तर मला पंचनामा करावाच लागतो. उद्या मेकॅनिक येईल. यंत्र बंद असलं, तर दोन ओळींत विषय संपतो. मी 'बंद' लिहितो, सरांची फाईल पुढे जाते, तुमच्यावर काही येत नाही. समजतंय ना?"

"समजतंय."

"तसंही जुनंच झालंय ते. आता बीडला गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघालेत. ह्याचा तसा उपयोग तरी काय?"

विजयमालाबाई मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "माझंच तोंड," त्या पुटपुटल्या. "मी बोलले नसते तर..."

"तुमी बोलला न्हाईत बाई, छबुबाई बोलली," मल्लम्मा म्हणाल्या. "नाव तिनं सांगितलं तुमच्या मालकाचं."

बसवेश्वर हसला, पण बाकी कुणी हसलं नाही म्हणून मधेच थांबला.

"मी बंद करते, साहेब," कावेरी म्हणाली. "मेकॅनिक यायच्या आत. पुन्हा कुणालाही चालू होणार नाही असा. मला येतं ते."

साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. बसवेश्वरने बायकोकडे बघितलं आणि मग नजर खिळ्याला टांगलेल्या कॅलेंडरवर नेली.

"फार चांगलं. शहाण्यासारखं बोललात." साहेब उठायला लागले. उठता उठता त्यांना काहीतरी आठवलं. "बरं, उद्या कदाचित विचारतील म्हणून विचारून ठेवतो. मध्ये हा दुरुस्त कुणी करून दिला होता? औरंगाबादचा कोणी होता का?"

"मीच केला."

"ते झालं हो. घरातलं कौतुक असतंच. पण खरं काम कुणाचं?"

त्यांनी हे अगदी प्रेमाने विचारलं, लहान मुलाला विचारावं तसं. कावेरीला राग आला नाही. दिवसभर डोक्यात जो गुंता होता तो सुटला असंही नाही. पण तिला एवढं मात्र कळलं की ह्या माणसाने त्या यंत्राबद्दल अर्ज वाचला, दाखला वाचला, बायकोकडून ऐकलं, उद्या त्याच्याबद्दल दोन ओळी लिहिणार आहे, आणि त्याच्याकडे बघितलेलं मात्र एकदाही नाही. आताही तो दोन हातांवर रुमालाखाली होता आणि साहेबांची पाठ त्याच्याकडे होती.

"अगं, आता जाऊ दे," बसवेश्वर हळूच म्हणाला. तिला तो ओळखून होता.

कावेरी उठली. तिने रुमाल उचलून घडी केली आणि टीव्हीचं बटण दाबलं. चालू कॉम्प्युटर साहेबांनी डोळ्यांनी बघितला, तर उद्या 'बंद' लिहिताना त्यांचा हात अडेल, हे तिला कळत होतं. साहेबांनाही ते कळलं असावं, कारण ते दाराच्या दिशेने एक पाऊल सरकले.

"साहेब, माझं एकच मागणं आहे," ती म्हणाली. "उद्या मी ह्याला मारते. पण आज पाच मिनिटं खाली बसा, आणि हा चालू असताना बघून जा."